उंचीचा हिशेब

झाशी शहराच्या लक्ष्मी दरवाजाबाहेर लक्ष्मी ताल आहे. त्याच्या काठी महालक्ष्मीचे मंदिर आहे. ही नेवाळकर घराण्याची कुलदेवता. राणी लक्ष्मीबाई तिच्या दर्शनास येत असत. जवळच गंगाधररावांची छत्री आहे. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी ते निवर्तले आणि राणीने त्यांच्या स्मरणार्थ ती बांधविली. नोकरीच्या निमित्ताने बृहन्महाराष्ट्रात फिरणाऱ्या मराठी माणसाची पावले या तालाकडे वळतात ती बहुधा १८५७-५८ च्या स्मरणाने, आणि ते योग्यच आहे. परंतु या स्थळाच्या इतिहासात आणखी एक धागा आहे व त्याची वाच्यता क्वचितच होते. उंचावरून वस्तू का पडते, किती वेगाने पडते, आणि उंची बदलली की तो वेग कसा बदलतो, या शास्त्राचा तो धागा होय. भारताची याने आज ज्या गणिताच्या आधाराने चंद्रावर उतरतात, ते गणित ज्या ग्रंथात सांगितलेले होते असा एक ग्रंथ सव्वादोनशे वर्षांहूनही आधी याच गावी एका मराठी सुभेदाराच्या हाती आलेला होता.

हे सुभेदार म्हणजे रघुनाथ हरी नेवाळकर. पेशव्यांच्या वतीने ते झाशीचा कारभार पाहत. १७९२ साली विल्यम हंटर नावाचा एक वैद्य आग्ऱ्याहून उज्जैनीस जाणाऱ्या इंग्रज मंडळींबरोबर प्रवास करीत असता त्यांच्या परिचयाचा झाला. हंटर स्वतः ज्योतिषशास्त्राचा अभ्यासक होता. जयसिंगाच्या वेधशाळांवरही त्याने लिहिले आहे. आपल्या प्रवासवृत्तात त्याने रघुनाथ हरींच्या जिज्ञासेचे कौतुकाने वर्णन केले आहे. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती सुभेदारांनी मुद्दाम मिळविली होती. ती १७७७ ते १७८४ या काळात दहा खंडांत निघाली होती. पाश्चात्त्य शास्त्रे समजून घ्यावीत, आणि कोणा जाणकाराकडून त्या कोशातील भाग भाषांतरित करून घ्यावेत, ही त्यांची इच्छा होती. पुण्यापासून इतक्या दूर, बुंदेलखंडातील एका ठाण्यावर, राज्यकारभाराच्या व्यापात असलेल्या मराठी अधिकाऱ्याने असा कोश जवळ बाळगावा, ही गोष्ट आपणा परमुलखात राहणाऱ्यांना विशेष जिव्हाळ्याची वाटेल.

अशा कोशातील ज्योतिषशास्त्राचा पाया न्यूटनचा होता. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात न्यूटनने जे सांगितले त्याचे सार असे : प्रत्येक पिंड दुसऱ्या पिंडास ओढतो, आणि अंतर दुप्पट झाले तर ओढ चौथाई होते, तिप्पट झाले तर नवमांश. हे अंतर पृष्ठभागापासून मोजावयाचे नसून पिंडाच्या मध्यापासून मोजावयाचे. या नियमाची कसोटी त्याने चंद्रावरच लावून पाहिली. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या साठ त्रिज्यांइतक्या अंतरावर आहे. तेव्हा तेथे पृथ्वीची ओढ साठाचा वर्ग म्हणजे ३६०० पटींनी कमी असली पाहिजे. आपल्या हातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येतो. चंद्र आपल्या सरळ वाटेपासून पृथ्वीकडे तितकाच ढळतो, परंतु त्याला त्यासाठी एक मिनिट लागते. साठपट वेळात पडण्याचे अंतर ३६०० पट होते, आणि ओढ ३६०० पटींनी कमी आहे; दोन्ही बाजू जुळतात. दगड आणि चंद्र एकाच कायद्याखाली आहेत, हे या एका ताळ्याने सिद्ध झाले.

चंद्र पडतो, तर तो आपल्यावर येऊन आदळत का नाही? या शंकेचे उत्तर न्यूटनने तोफेच्या दृष्टान्ताने दिले. एका अत्युच्च पर्वतावर तोफ ठेवून आडवा गोळा उडविला तर तो काही अंतरावर जमिनीस लागेल. दारू वाढविली तर अधिक दूर लागेल. वेग पुरेसा वाढविला तर गोळा पडत राहील, पण जमीनही त्याच प्रमाणात त्याच्याखालून वळत जाईल, आणि गोळा पृथ्वीभोवती फिरत राहील. फिरणे म्हणजे जमीन चुकवीत पडत राहणे. हा दृष्टान्त वाचकांनी ध्यानात ठेवावा. चंद्रयानाचा सारा व्यवहार यातच आहे.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. आकर्षणाची ही कल्पना आपल्याकडे न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी भास्कराचार्यांनी सांगितली नव्हती काय? कचेरीतल्या मधल्या सुट्टीत हा वाद कोणी ऐकला नसेल असे नाही. एक पक्ष म्हणतो, सर्व काही आपल्या पोथ्यांत होते. दुसरा पक्ष म्हणतो, आपल्याकडे काहीच नव्हते. दोन्ही पक्षांची एक सोय समान आहे : दोघांनाही पोथी उघडून पाहण्याचे श्रम करावे लागत नाहीत.

पोथी उघडली तर काय दिसते? भास्कराचार्य ११४ साली नव्हे, हजार अधिक एकशे चौदा, म्हणजे १११४ साली जन्मले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. त्यातील गोलाध्यायात ते सांगतात की पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती आहे. आकाशातील जड वस्तूला ती आपल्याकडे खेचते, आणि ती वस्तू पडल्यासारखी दिसते. मग ही पृथ्वी स्वतः कोठे पडणार? तिच्याभोवती तर सर्व बाजूंना आकाश सारखेच आहे. पृथ्वीला शेषाचा वा हत्तींचा आधार लागतो ही समजूत त्यांनी अशा रीतीने युक्तिवादाने खोडून काढली. ‘खाली’ ही दिशा स्वयंभू नसून पृथ्वीच्या संबंधाने ठरते, हा विचार त्या काळी लहान नव्हता.

परंतु तेथे जे नाही तेही तितक्याच स्वच्छपणे नोंदविले पाहिजे. ही ओढ उंचीबरोबर किती घटते याचे माप तेथे नाही. चंद्राला स्वतःची ओढ आहे, किंवा चंद्र पृथ्वीकडे पडत असतो, असे तेथे म्हटलेले नाही; ग्रहगोलांना आकाशात फिरविण्याचे काम सिद्धान्तकारांच्या मते प्रवह वायू करतो. भास्कराचार्यांनी आकर्षण सांगितले. त्याचा उंचीशी असलेला हिशेब पुढे पाच शतकांनी मांडला गेला. पहिल्या गोष्टीचे श्रेय त्यांना द्यावे आणि दुसरीचे देऊ नये. असे केल्याने त्यांची थोरवी तिळमात्र कमी होत नाही.

भास्कराचार्यांविषयी आपण हे नेमकेपणाने बोलू शकतो, याचे श्रेय ज्या मंडळींना आहे त्यांतही मराठी माणसे आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. आचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापिला, हे त्या लेखावरून कळते. दुसरे नाव बापूदेव शास्त्री यांचे. महाराष्ट्रीय घराण्यातला हा गणिती नागपूरकडून सीहोरला गेला. तेथे लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाने त्याचे अध्ययन झाले, आणि पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत तो अध्यापक झाला. विल्किन्सनने केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्याच्या मृत्यूनंतर बापूदेवांनी तपासून १८६१ साली प्रसिद्ध केले. जुने ज्योतिष आणि नवे गणित ही दोन्ही जाणणारा पंडित परमुलखात राहून दोहोंमध्ये पूल बांधीत होता.

१८६१ हे साल पाहताच झाशीची आठवण होते. कारण झाशी पडून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोजची फौज झाशीपुढे येऊन ठाकली. ३ एप्रिलला शहरावर हल्ला झाला, आणि ४ तारखेच्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडल्या. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीत होते. वेढ्याचे, गोळ्यांच्या वर्षावाचे आणि नंतरच्या लुटीचे त्यांनी केलेले वर्णन १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आहे. दूरदूरच्या विद्वानांना ठाऊक असलेल्या झाशीच्या ग्रंथसंग्रहाची फौजेने केलेली नासाडीही त्यांनी नोंदविली आहे.

उखळी तोफेचा गोळा वर चढतो, क्षणभर उंचीच्या टोकावर येतो, आणि तेथून घराच्या छपरावर उतरतो. समजा, तो चारशे मीटर उंचीवरून खाली येऊ लागला. हवेचा अडथळा सोडून दिला तर नऊ सेकंदांत तो जमिनीस लागेल, आणि त्या वेळी त्याचा उतरता वेग सेकंदाला ८८ मीटर असेल. ज्या शास्त्राने हा हिशेब होतो, ते रघुनाथ हरींना वाचावयाचे होते. झाशी केवळ या हिशेबाच्या अभावी पडली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. झाशीचे गोलंदाज कसबी होते, आणि पराभवाची कारणे अनेक होती. तरीही सहासष्ट वर्षांच्या त्या अवधीत ते ज्ञान कोशातून आपल्या भाषेत उतरून पाठशाळेपर्यंत पोहोचले असते, तर आपला इतिहास एका बाजूने तरी अधिक समृद्ध झाला असता.

आता तोच गोळा चंद्रावर नेऊन पाहू. तेथे चारशे मीटरांवरून पडावयास त्याला नवाऐवजी बावीस सेकंद लागतील, आणि वेग ८८ ऐवजी ३६ मीटर होईल. कारण चंद्राची पृष्ठभागावरील ओढ पृथ्वीच्या सुमारे सहावा हिस्सा आहे. येथे पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटरने वाढतो, तेथे १.६२ मीटरने.

उंची बदलत गेलो तर काय होते? एक मीटरवरून सोडलेला दगड चंद्राच्या जमिनीस लागतेवेळी सेकंदाला १.८ मीटर वेगाने जात असेल. शंभर मीटरांवरून सोडला तर १८ मीटर. दहा हजार मीटर, म्हणजे दहा किलोमीटरवरून सोडला तर १८० मीटर. उंची शंभरपट केली की वेग दसपट होतो. ही गॅलिलिओच्या काळापासूनची रीत आहे, आणि इथवर ती बिनचूक चालते. याच रीतीने आणखी शंभरपट वर, एक हजार किलोमीटरवर गेलो, तर १८०० मीटर वेग यावयास हवा. प्रत्यक्षात तो सुमारे १४३६ मीटरच येतो.

हा फरक न्यूटनच्या नियमामुळे पडतो. चंद्राची त्रिज्या १७३७ किलोमीटर आहे. दहा किलोमीटर वर चढल्याने मध्यापासूनचे अंतर फारसे बदलत नाही. हजार किलोमीटर चढल्याने ते दीडपटीहून अधिक होते, आणि तेथील ओढ १.६२ वरून ०.६५ वर येते. म्हणजे पतनाच्या आरंभी दगड फारच मंद हलतो, आणि खरा वेग त्याला शेवटच्या टप्प्यात मिळतो. याहून वर, कितीही उंचीवरून दगड सोडला आणि पृथ्वी-सूर्याची ओढ हिशेबातून वगळली, तरी चंद्राच्या ओढीने त्याला मिळणारा वेग सेकंदाला २३७६ मीटरांपलीकडे जात नाही. उंचीला अंत नाही, पण तिच्यापासून मिळणाऱ्या वेगाला अंत आहे. हाच आकडा उलट बाजूने वाचला म्हणजे चंद्राचा कायमचा निरोप घेण्यास लागणारा वेग मिळतो.

चंद्रावर आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. तेथे हवा जवळजवळ नाहीच. आपल्याकडे ढगातून पडणारा थेंब हवेच्या अडथळ्यामुळे सौम्य वेगाने अंगावर येतो. अन्यथा पाऊस प्राणघातक झाला असता. चंद्रावर असा मधला कोणी नाही. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो-१५ चे प्रवासी डेव्हिड स्कॉट यांनी एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. दोन्ही एकाच वेळी खाली पडली. उंचीचा सगळा वेग तेथे जसाच्या तसा पदरी पडतो. हवाई छत्रीचा उपयोग नाही. वेग कमी करावयाचा तर इंजिनाने उलटा रेटाच दिला पाहिजे.

माणसाने पाठविलेली पहिली वस्तू चंद्रावर पोहोचली ती असा कोणताही रेटा न देता. सप्टेंबर १९५९ मध्ये रशियाचे लुना-२ चंद्रावर आदळले. स्वतःचा प्रवासवेग आणि चंद्राची ओढ मिळून त्याचा वेग सेकंदाला तीन किलोमीटरांहून अधिक झाला होता. भारताची पहिली वस्तू १४ नोव्हेंबर २००८ रोजी पोहोचली. चंद्रयान-१ चंद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर फिरत होते. त्या रात्री आठ वाजून सहा मिनिटांनी त्याने पस्तीसएक किलो वजनाची एक पेटी सोडून दिली. तिच्या बाजूंवर तिरंगा रंगविलेला होता. आठ वाजून एकतीस मिनिटांनी ती दक्षिण ध्रुवानजीक शॅकल्टन विवराच्या परिसरात आदळली.

येथे हिशेबी वाचक थबकेल. शंभर किलोमीटरवरून वस्तू नुसती सोडली तर ती सहा मिनिटांहून किंचित अधिक वेळात खाली यावयास हवी, आणि वेग ५५४ मीटर व्हावयास हवा. पेटीला तर पंचवीस मिनिटे लागली, आणि तिचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरांहून अधिक होता. वेळ चौपट आणि वेग जवळजवळ तिप्पट, हे कसे? उत्तर न्यूटनच्या तोफेत आहे. चंद्रयान आडव्या दिशेने सेकंदाला १.६३ किलोमीटर वेगाने जात होते, आणि पेटी सुटली तेव्हा तिचाही वेग तोच होता. तिच्यावरील लहान अग्निबाणाने तो वेग थोडासा कमी केला, इतकेच. त्यामुळे जमीन चुकविण्याइतका वेग तिच्यापाशी उरला नाही, आणि दोन हजार किलोमीटरांहून अधिक वाट तिरपी कापीत ती खाली आली. त्या वाटेवर तिच्यातील उपकरणांनी छायाचित्रे घेतली, उंची मोजली, आणि चंद्राभोवतीच्या अतिविरळ वायूत पाण्याच्या खुणाही टिपल्या. ती पेटी आदळण्यासाठीच पाठविलेली होती. तिचे पडणे हेच तिचे काम होते.

सावकाश उतरणे याहून फार कठीण आहे. चंद्रयान-२ चा विक्रम हा अवतरक ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे तीस किलोमीटर उंचीवरून उतरू लागला. पहिल्या टप्प्यात त्याचा वेग १६८३ मीटरवरून १४६ मीटरवर आणला गेला. पुढच्या टप्प्यात वेगाची घट आराखड्याहून अधिक झाली, वाट बिघडली, आणि नियोजित जागेपासून पाचशे मीटरांच्या आत तो जोराने आदळला. २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सारे ठीक होते, असे त्या पहाटे जाहीर झाले होते. २.१ किलोमीटर ही उंची थोडी वाटते; परंतु तेवढ्यावरून नुसती पडलेली वस्तूही चंद्रावर ताशी जवळजवळ तीनशे किलोमीटर वेगाने आदळते.

पुढच्या यानाच्या रचनेत या अनुभवाचा जमाखर्च मांडला गेला. इंधन वाढविले, पाय मजबूत केले, उतरण्याची जागा विस्तृत धरली, आणि सेकंदाला तीन मीटर वेगाने टेकले तरी निभावे अशी योजना केली. चंद्रावर हा वेग पावणेतीन मीटर उंचीवरून पडल्याने येतो. पृथ्वीवर तो अर्ध्या मीटरहूनही कमी उंचीवरून येतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ उतरले. तीस किलोमीटर उंचीचा आणि त्याहूनही भारी अशा आडव्या वेगाचा सारा हिशेब सुमारे एकोणीस मिनिटांत चुकता झाला. चारच दिवसांपूर्वी रशियाचे लुना-२५ चंद्रावर आदळून नष्ट झाले होते. ज्या देशाने या वाटेवर पहिले पाऊल टाकले, त्यालाही चंद्राने सूट दिली नाही.

या इतिहासात आपला वाटा किती, असे कोणी विचारले तर प्रत्येक नोंद तिच्या जागी लिहावी. ११५० च्या नोंदीत आकर्षणाचा विचार आहे, १६८७ च्या नोंदीत त्याचे माप. २००८ व २०२३ च्या नोंदींत त्या मापाने केलेली आपली कामे आहेत. आणि मध्ये १७९२ ची एक नोंद आहे : झाशीच्या एका मराठी सुभेदाराने कोश मिळविला, पण भाषांतर करणारा त्याला हवा होता. पहिली नोंद फुगविण्याचा मोह आपणांस फार होतो, आणि ही मधली नोंद आपण विसरून जातो. वस्तुतः परमुलखात चाकरी करणाऱ्या, दोन-तीन भाषा जाणणाऱ्या सुशिक्षित मराठी माणसासाठी तीच अधिक बोधप्रद आहे. ग्रंथ दारी येतो. तो आपल्या भाषेत कोणी तरी उतरवावा लागतो. बापूदेव शास्त्र्यांनी काशीस बसून एका बाजूने ते काम केले. दुसऱ्या बाजूचे, म्हणजे नवे शास्त्र स्वच्छ मराठीत सांगण्याचे काम, आजही प्रत्येक पिढीस नव्याने करावे लागते, आणि ते करण्यास कोणत्याही बदलीची वा बढतीची वाट पाहावी लागत नाही.